गॅरेजमधलं परराष्ट्र धोरण

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण वॉशिंग्टनमध्ये ठरत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो. ते टेक्सासमधल्या क्लेअरवुड नावाच्या गावात, दिगंबर किरकिरे याच्या गॅरेजमध्ये ठरतं. मी ते ठरताना पाहिलेलं आहे. वॉशिंग्टनला याची कल्पना नव्हती, एवढीच काय ती त्यात उणीव.

"अंत्या, जर्मनीतून बाहेर पड."

"मी?"

"तू रे. टाचणी काढ तिथली. स्टूल घे."

मी स्टुलावर चढलो आणि जर्मनीतून अमेरिकेचं सैन्य मागे घेतलं. टाचणी घट्ट बसली होती, पण इतकी वर्षं बसलेलं सैन्य उठायला थोडा वेळ घेणारच. खाली दिग्या हातात डबी घेऊन उभा होता. जगभरातून परत आलेल्या फौजा तो त्या डबीत ठेवत होता. डबीवर 'हिंग' लिहिलेलं होतं.

"जपान?" मी विचारलं.

"जपान राहू दे सध्या. एकदम सगळीकडून निघालो तर आज जेवायला येणाऱ्या हॉब्जला वाटेल आपण घाबरलो."

ही दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका महाराष्ट्र मंडळाच्या निमंत्रणावरून अमेरिकेत विनोदी व्याख्यान द्यायला गेलो होतो. व्याख्यानात लोक दोनदा हसले. त्यातल्या एकदा माईक पडला होता. मंडळाने परतीचं तिकीट आठवड्यानंतरचं काढलं होतं, म्हणून तो आठवडा मी दिग्याकडे काढला. सांगलीच्या हॉस्टेलवर आम्ही चार वर्षं एका खोलीत होतो. पुढे तो पंपांचा इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला. मीही इंजिनिअर झालो आणि वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहू लागलो, त्यामुळे देशातले बरेच पूल वाचले.

दिग्याच्या घराचे दोन भाग होते. आतलं घर मंदावहिनींचं. तिथे देव होते, कुकर होता, तुळस होती आणि दारात चपला काढाव्या लागत. गॅरेज दिग्याचं. तिथे अमेरिकेचा झेंडा होता, मांस भाजायची भलीमोठी शेगडी होती, काउबॉय टोपी होती आणि भिंतभर जगाचा नकाशा होता. घरात अंडंही शिजत नसल्यामुळे दिग्याचा सगळा अमेरिकन बाणा गॅरेजमध्येच राहायला होता. माझी कॉटही तिथेच होती. उशाशी ऑस्ट्रेलिया यायचा.

नकाशावर जिथे जिथे लाल टाचणी, तिथे तिथे अमेरिकेचं सैन्य आहे पण काही काम नाही, असं ते धोरण होतं. दिग्या कडवा रिपब्लिकन. त्याचे मुद्दे ऐकून कुणी हसावं असे मुळीच नव्हते. तो म्हणायचा, "अंत्या, मी रांगेत उभा राहून आलो. नऊ वर्षं कागद घेऊन रांगेत. कुंपणावरून उडी मारून येणाऱ्याला दार उघडं, मग रांगेतला काय मूर्ख?" तो म्हणायचा, "जर्मनीची राखण आपण करायची आणि ते सहा-सहा आठवडे सुट्टीवर! राखणदाराचा पगार तरी द्या." तो म्हणायचा, "वाळवंटात जाऊन लोकशाही पेरतात. अरे, वाळूत काय उगवतं? आपल्या गावातला कारखाना बंद पडला, तो आधी बघा."

या सगळ्यात तो 'आपण' म्हणजे अमेरिका म्हणायचा. ते कळायला मला पहिले दोन दिवस लागले. "आपण उगाच तिकडे तेवढं सैन्य पाठवलं," असं तो म्हणाला तेव्हा मी सांगलीच्या बाजूने दचकलो होतो.

त्या शनिवारी दिग्याच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. पक्षाचं तालुक्याचं म्हणावं असं वार्षिक जेवण पुढच्या महिन्यात व्हायचं होतं. त्यात एका साध्या कार्यकर्त्याला दहा मिनिटं बोलायला मिळत. विषय त्या वर्षी परराष्ट्र धोरण. कोण बोलणार हे ठरवायचं होतं वेंडेल हॉब्ज यांनी. ते पक्षाचे त्या भागातले प्रमुख. दिग्याने त्यांना सपत्नीक जेवायला बोलावलं होतं.

"दहा मिनिटं, अंत्या," दिग्या म्हणाला. "सव्वीस वर्षं मी इथे आहे. ऑफिसात मी पंप. मंडळात मी खजिनदार. दहा मिनिटं मला हा देश ऐकेल."

"आणि मी काय करायचं?"

"तू भारतातला पत्रकार. विचारवंत. मी बोललो की मान हलव. विनोद करू नकोस."

"ते मला जमतं. मंडळाला विचार."

मग त्याने भाषणाची तालीम केली. शेगडीला हात टेकून, छाती काढून, डावा हात पाठीशी. पहिलं वाक्य ऐकलं आणि मला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वाक्याला खात्री पटली.

"दिग्या, हे तुझं ढालीचं भाषण."

"कुठलं?"

"कॉलेजातलं. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा. विषय, भारताचे अलिप्ततावादी धोरण. 'महासत्तांच्या भांडणात आपल्या लेकरांचे रक्त का सांडावे?' ढाल मिळाली, आणि आपण रात्रभर ती ढाल उलटी करून त्यात भेळ खाल्ली."

दिग्याने शेगडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "तत्त्व चांगलं असलं की कुठल्याही देशाला बसतं."

"महासत्तेलाही?"

"तिलाच जास्त."

मी स्टुलावरून उतरलो. दिग्याने डबीचं झाकण लावलं.

आत स्वयंपाकघरात निराळंच धोरण चाललं होतं. दिग्याला टेक्सासी पाहुण्यांसाठी टेक्सासी जेवण हवं होतं. मंदावहिनींनी श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, अळूवड्या आणि मसालेभात केला होता.

"अगं, ते लोक गोमांस खाणारे. त्यांचं पोट तरी भरेल का याने?"

"मग घरी जाऊन खातील."

"मंदा, माझं सगळं आज अवलंबून आहे."

"म्हणून तर पुऱ्या गरम वाढणारे. तुम्ही दाराकडे बघा. आणि अहो, ती टोपी काढा. देवघरासमोरून जायचंय."

दिग्याने टोपी काढली. परराष्ट्र धोरणात किती वाकायचं आणि कुठे, हे त्याला कळत होतं.

हॉब्ज पती-पत्नी वेळेवर आले. वेंडेल हॉब्ज सत्तरीचे, उंच, उन्हाने रापलेले, बोलायला अगदी कमी. त्यांची सहाशे एकर जमीन आणि गुरं होती. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं. उरलेलं मी सौजन्याने समजून घ्यायचो. पत्नी डार्लिन गोल, हसऱ्या आणि बोलक्या. दारात मंदावहिनींना पाहताच त्या ओरडल्या, "अरे, तुम्ही! लायब्ररी!" आणि त्यांना मिठी मारली.

दिग्या खूश झाला. "माझी बायको फार वाचते," तो म्हणाला.

डार्लिनबाईंनी जरा बुचकळ्यात पडून त्याच्याकडे पाहिलं आणि मग वहिनींना विचारलं, "आज ते पिवळं आहे का?"

"आहे," वहिनी म्हणाल्या. "केशर जास्त घातलंय."

दिग्या माझ्या कानात कुजबुजला, "लायब्ररीत श्रीखंड नेते की काय ही?"

"वाचनाने भूक लागते," मी म्हणालो.

जेवायच्या आधी दिग्याने पाहुण्यांना गॅरेज दाखवलं. शेगडी पाहून हॉब्जसाहेबांनी मान डोलावली. झेंडा पाहून डोलावली. मग ते नकाशासमोर उभे राहिले आणि बराच वेळ उभेच राहिले. दिग्याने संधी साधली.

"सर, लाल टाचण्या म्हणजे जिथे आपलं काही काम नाही अशा जागा. माझा सिद्धांत असा आहे की प्रजासत्ताकाने आधी आपलं घर—"

हॉब्जसाहेबांनी बोट उचलून एका टाचणीवर ठेवलं. वाळवंटातल्या.

"इथे माझा मुलगा पंधरा महिने होता," ते म्हणाले.

दिग्याचा सिद्धांत उघड्या तोंडात तसाच राहिला. तो हळूच म्हणाला, "मग... त्या युद्धाबद्दल तुमचं मत काय, सर?"

"मला मत नाही," हॉब्जसाहेब म्हणाले. "मुलगा आहे."

दारात उभ्या असलेल्या मंदावहिनींनी विचारलं, "बरा आहे ना?"

आजवर तो प्रश्न बहुधा त्यांना कुणी इतका सरळ विचारला नसावा. ते वहिनींकडे वळले. "रँचवर असतो. कुंपणं दुरुस्त करतो. लोकांत फारसा येत नाही."

"गोड खातो का?"

"डार्लिनने नेलेलं ते पिवळं खाल्लं होतं त्याने."

"मग डबा देते," वहिनी म्हणाल्या. "चला, पुऱ्या थंड होतात."

पुढचा अर्धा तास जो झाला त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात. दिग्या परराष्ट्र धोरण मांडत होता आणि वहिनी वाढत होत्या. हॉब्जसाहेबांनी तिसऱ्या पुरीनंतर "नको, आभारी आहे" म्हटलं. आपल्याकडे पहिला 'नको' म्हणजे संकोच, दुसरा म्हणजे शिष्टाचार आणि तिसऱ्यानंतर ऐकण्याची पद्धत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय त्यांची शिकवण अशी की ताटात वाढलेलं संपवायचं. आणि वहिनींची शिकवण अशी की रिकामं ताट दिसलं की वाढायचं. ही दोन संस्कृतींची समोरासमोर गाठ होती. माघार कुणीच घेणार नव्हतं.

"आपली चूक काय होते सर," दिग्या रंगात आला होता, "आपण न मागणाऱ्याला देतो. तो म्हणतो नको. आपण म्हणतो, नाही, घ्याच. मग त्याला पचत नाही. मग आपण म्हणतो, कृतघ्न आहे!"

वहिनींनी पाचवी पुरी ठेवली. वर श्रीखंडाचा डाव उलटा केला.

हॉब्जसाहेबांनी पुरीकडे पाहिलं. मग दिग्याकडे पाहिलं. "मला वाटतं, तुमचा मुद्दा मला समजतोय," ते म्हणाले.

मी कबूल केल्याप्रमाणे मान हलवली.

दिग्या आता थांबणारा नव्हता. सीमेबद्दल बोलला, रांगेबद्दल बोलला. मित्रराष्ट्रांनी आपला वाटा उचलावा यावर बोलला. कर, खर्च, शाळा, सगळं बोलला. आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलला. कॉलेजातली ढाल त्याला उगाच मिळाली नव्हती. शेवटी आवाज खाली आणत तो म्हणाला, "जो देश आपल्या लेकरांना परक्या वाळूत पाठवतो, त्याने आधी त्यांच्या आयांना विचारावं." हे वाक्य ढालीच्या भाषणात नव्हतं. ते त्याला गॅरेजमध्ये सुचलं असावं.

डार्लिनबाईंनी डोळे टिपले. हॉब्जसाहेबांनी चमचा खाली ठेवला.

"डिग," ते म्हणाले. दिगंबर म्हणणं त्यांना पाच पुऱ्यांनंतर शक्य नव्हतं. "तुम्ही त्या जेवणात साधा कार्यकर्ता म्हणून बोलायचं नाही."

दिग्याचा चेहरा उतरला. माझा उतरायच्या बेतात होता.

"दहा मिनिटांत तुमच्यासारख्या माणसाचं काय होतंय? आम्ही तुम्हाला अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून पाठवणार. आधी जिल्ह्याचं, मग राज्याचं. तिथे पक्षाचं धोरण लिहितात. परराष्ट्र धोरणाचं कलम लिहायला मला तुमच्यासारखा माणूस पाहिजे. जेवणातलं भाषणही या वर्षी त्याच प्रतिनिधीने करायचं, ते त्यात आलंच."

माणसाने सव्वीस वर्षं दारावर टकटक करावी आणि कुणी येऊन अख्खी भिंतच काढून टाकावी, तसं झालं. दिग्या उठला, बसला, पुन्हा उठला. आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या लक्षात आलं की तो वहिनींकडे बघतोय, आणि वहिनी मुद्दाम ताकाच्या भांड्याकडे बघतायत.

"मी... हा फार मोठा मान आहे, सर. पण मी साधा कार्यकर्ता. नवीन पिढीला—"

"फालतू नम्रता नको. फक्त तुम्ही आपल्या भागातले मतदार असलात की झालं."

"हो, पण कामाचा व्याप, तब्येत, आणि गुडघा—"

"मजाच आहे," डार्लिनबाई मध्येच म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणूनच ते इतकं जोरात लागलं. "मी दर निवडणुकीला लायब्ररीतल्या मतदान केंद्रावर काम करते. किती वर्षं झाली. तुमची बायको दर वेळी येते. शाळा मंडळाच्या निवडणुकीलासुद्धा, जिला कुत्रं येत नाही. आम्हा सगळ्यांना ते पिवळं घेऊन येते. पण तुम्हाला मी एकदाही पाहिलं नाही, डिग."



दिग्या आधी वहिनींकडे वळला. मराठीत. "तू मत देतेस?"

"लायब्ररीत जाते म्हणून सांगते की."

"मला वाटायचं पुस्तकं!"

"पुस्तकंही आणते. तिथेच असतात."

"कुणाला देतेस?"

"ते विचारायचं नसतं अहो. इकडे तसा नियम आहे."

मग तो हॉब्जसाहेबांकडे वळला. वक्तृत्वाचा डावा हात पाठीशी गेला होता, तो त्याने परत आणला.

"सर, मी मतदार नाही. मी नागरिकच नाही. ग्रीन कार्डावर आहे. माझी बायको नागरिक झाली. शपथ घेऊन येताना दूधही घेऊन आली. मी नाही झालो."

हॉब्जसाहेबांचा चेहरा रागावला नव्हता. तो नुसता वाट बघत होता. दिग्याला सांगणं भाग पडलं.

"माझी गावाकडे जमीन आहे. कोकणात, पडवेकोंड म्हणून गाव. वडिलोपार्जित. माझा चुलतभाऊ विष्णू ती बघतो. विष्णू म्हणाला, दादा, परक्या देशाचा नागरिक झालास की सातबाऱ्यावरून तुझं नाव उडतं."

"सातबारा?"

"जमिनीचा सरकारी उतारा. त्यावर नाव असतं. आजोबांचं होतं, वडिलांचं होतं, आता माझं आहे."

"किती जमीन?"

दिग्याने खाली पाहिलं. "अकरा गुंठे."

"म्हणजे एकरात?"

मी मदतीला धावलो. इतकी वर्षं विनोद लिहिल्यावर मला हे तरी जमायलाच हवं होतं. "पाव एकराच्या थोडं वर," मी म्हणालो. "सुपारीची सात झाडं आहेत. आणि विहिरीत एक पंचमांश वाटा."

सहाशे एकरांच्या मालकाने हे ऐकलं. मी हसण्याची वाट बघत होतो. दिग्याही बघत असणार, कारण त्याचे कान लाल झाले होते.

"तुमच्या आजोबांची जमीन," हॉब्जसाहेब म्हणाले.

"हो."

"आणि ती सुटू नये म्हणून तुम्ही इतकी वर्षं शपथ घेतली नाही."

"हो, सर."

हॉब्जसाहेब उठले. टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी दिग्याचा हात हातात घेतला. "डिग, या घरात आज रात्री मी ऐकलेली ही सगळ्यात परंपरावादी गोष्ट आहे. माणसाने आपली जमीन सोडू नये. माझ्या बापाने दोन दुष्काळांत सोडली नाही." मग त्यांनी हात सोडला. "पण प्रतिनिधी मतदारच लागतो. तो नियम मी केला नाही. केला असता तरी मोडला नसता."

"मलाही तो मोडायला आवडला नसता," दिग्या म्हणाला. आणि यात ढोंग नव्हतं. रांगेवर विश्वास ठेवणारा माणूस होता तो.

मग हॉब्जसाहेब सावकाश वळले. "मॅडम," ते मंदावहिनींना म्हणाले, "तुम्ही तर आमच्या यादीतल्या सर्वांत नियमित मतदार दिसता. तुम्ही कुठल्या पक्षाच्या हे मी विचारणार नाही—"

"विचारू नका," वहिनी म्हणाल्या.

"—पण पक्षाचा उमेदवार निवडायच्या प्रायमरीला कुठल्या पक्षाच्या टेबलाशी येता ते डार्लिनला माहीत आहे."

डार्लिनबाईंनी मान डोलावली. "आमच्याच. कायम."

दिग्याने खुर्चीचा हात धरला. "म्हणजे तू... आमच्यातली? इतकी वर्षं गॅरेजमध्ये तुझ्याशी वाद घालत होतो मी! तू म्हणायचीस, 'पुरे झालं तुमचं पुराण'!"

"पुराण पुरे म्हटलं होतं अहो. चूक म्हटलं नव्हतं."

"मग प्रतिनिधी तुम्हीच. जेवणात दहा मिनिटं बोलावं लागेल," हॉब्जसाहेब म्हणाले.

"दहा कशाला? दोन पुरतील," वहिनी म्हणाल्या आणि सहावी पुरी वाढली.

त्यांचं ते भाषण मी ऐकलं नाही, मी परत आलो होतो. दिग्याने फोनवर सांगितलं. वहिनी साडीत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडू नये. पडलंच तर आवरल्याशिवाय उठू नये. आणि पडण्याआधी घरी कोण वाट बघतंय ते विचारावं. मग बसल्या. लोक उभे राहिले. हॉब्जसाहेबांचा मुलगा मागच्या दाराशी उभा होता म्हणे. टोपी हातात धरून. पहिल्यांदाच आला होता.

"तुझं ढालीचं भाषण तीन वाक्यांत बसलं की रे," मी म्हणालो.

"हो," दिग्या म्हणाला. "आता अधिवेशनाला मी तिचा ड्रायव्हर. बॅज दिलाय मला. 'पाहुणा' असं लिहिलंय त्यावर." मग म्हणाला, "अंत्या, तुझं कोकणात कधी जाणं होतं का? झाडं बघून ये एकदा. विष्णू फोटो पाठवतो म्हणतो, पाठवत नाही."

कोकणात निघायच्या आधी मी सांगलीच्या एका वकील मित्राला सहज विचारलं. तो म्हणाला, वारशाने आलेली जमीन परदेशी नागरिक झाल्यामुळे जात नाही. हे दिग्याला सव्वीस वर्षांत कुणी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्याने वकिलाला विचारलं नसेल. चुलतभावाला विचारलं असेल."

पुढच्या मे महिन्यात लांज्याला माझं व्याख्यान होतं. पडवेकोंड तिथून जवळच. विष्णू किरकिऱ्यांनी अगत्याने चहा दिला. अंगणात चार-पाच वर्षांची पांढरी बोलेरो उभी होती. मी म्हटलं, दिगंबरची जागा बघायची आहे, त्याला सांगायचंय.

"चला की," विष्णू म्हणाले. आम्ही दोन मिनिटं चालून महामार्गावर आलो. चौपदरी, नवाकोरा, ट्रकांची रांग. विष्णू कडेला थांबले.

"कुठे?" मी विचारलं.

"ही काय." त्यांनी रस्त्याच्या मधोमध बोट केलं. "चौपदरीकरणात गेली. झाली चार-पाच वर्षं. दादाला मुद्दाम कळवलं नाही. म्हटलं, परदेशात एकटा, उगाच जिवाला लागायचं."

दिग्याचे अकरा गुंठे, सुपारीची सात झाडं आणि विहिरीतला पंचमांश वाटा होता तिथे आता रस्त्याचा दुभाजक होता. त्यात कण्हेर लावली होती.